केमो सुरू होण्याआधी: कर्करोगाचे उपचार आणि पुढच्या मातृत्वाची तरतूद

कर्करोगाचे निदान झाले की घरात एक वाक्य हमखास ऐकू येते: "आधी जीव वाचू दे, मुलाबाळांचे मग बघू." त्यामागची माया खरी असते, अडचण एवढीच की स्त्रीच्या शरीरात हे "मग" पुष्कळदा उरत नाही. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या अंडाशयांत साधारण 10 ते 20 लाख स्त्रीबीजे असतात, वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख शिल्लक राहतात आणि पुढे नवे बीज तयार होत नाही. केमोथेरपीची काही औषधे आणि ओटीपोटावरचे किरणोपचार हा साठा झपाट्याने संपवतात. म्हणून पुढे कधी मूल हवेसे वाटेल अशी पुसटशी शक्यता असली, तरी त्याची तरतूद पहिल्या केमोच्या आधी करावी लागते, आणि त्यासाठी बहुधा दोन-तीन आठवडेच हाती असतात.

मी तिशीत असताना स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांआधी स्त्रीबीजे गोठवून घेतली. पुढे दिलेला क्रम त्या अनुभवातून आणि त्यानंतर ओळखीच्या मुलींसोबत तपासण्यांना जाताना जे कळले त्यातून तयार झाला आहे. औषधांचा निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा. मात्र तो कोणत्या वेळी आणि कोणते प्रश्न विचारून घ्यायचा, हे तुम्हाला ठाऊक असलेले बरे.

1. प्रश्न तुम्हीच विचारा, आणि तारीख ठरण्याआधी विचारा

कर्करोगतज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण विभागात एका सकाळी किती रुग्ण असतात, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. त्या गर्दीत डॉक्टर हा विषय स्वतःहून काढतीलच असे नाही. रुग्ण अविवाहित असेल तर विषय अवघड वाटतो, तिला एक मूल असेल तर गरज नाही असे गृहीत धरले जाते, आणि ती अडतिशीची असेल तर उशीर झाला असे मानले जाते. यांपैकी कोणतेही गृहीतक तुम्हाला न विचारता धरले जाऊ नये. मला हा प्रश्न डॉक्टरांनी नव्हे, रक्त काढणाऱ्या सिस्टरांनी विचारला होता.

पुढील प्रश्न कागदावर लिहून न्या, कारण आयत्या वेळी सुचत नाहीत:

- माझ्या उपचारांत कोणती औषधे आहेत आणि अंडाशयावर त्यांचा परिणाम किती?
- किरणोपचार ओटीपोटावर किंवा मेंदूवर होणार आहेत का?
- पहिली केमो दोन आठवडे पुढे ढकलली तर आजाराच्या दृष्टीने चालेल का?
- माझी गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी आहे का?
- मला लगेच वंध्यत्वतज्ज्ञांकडे पाठवणारी चिठ्ठी मिळेल का?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया आधी झाली असेल, तर जखम भरून केमो सुरू होईपर्यंत काही आठवडे तसेही जातात आणि त्या मोकळ्या काळात हे काम विलंबाशिवाय बसते. केमो आधी आणि शस्त्रक्रिया नंतर असा क्रम असेल, तर मात्र एकेक दिवस मोजावा लागतो. तीव्र रक्तकर्करोगात उपचार काही दिवसांतच सुरू करावे लागतात, प्लेटलेट कमी असल्याने रक्तस्रावाचा धोका असतो, आणि तिथे स्त्रीबीजे काढायला बहुधा वेळ मिळतच नाही. अशा वेळी डॉक्टरांनी "नाही" म्हटले तर ते ऐकायला हवे. पण विचारल्यावर मिळालेले "नाही" आणि कुणी न विचारल्यामुळे हुकलेली संधी यांत फार फरक आहे.

2. स्वतःच्या उपचारांचा धोका किती, हे समजून घ्या

सगळी केमो सारखी नसते. सायक्लोफॉस्फामाइड, आयफॉस्फामाइड, ब्युसल्फान, मेल्फालान, प्रोकार्बाझीन ही औषधे अंडाशयाला सर्वाधिक हानी करतात. सिस्प्लॅटिन आणि डॉक्सोरुबिसिन मध्यम गटात येतात. मेथोट्रेक्सेट, फाइव्ह-एफयू, व्हिन्क्रिस्टीन यांचा अंडाशयावरचा परिणाम तुलनेने कमी असतो. हॉजकिन लिम्फोमात (लसीका ग्रंथींच्या एका कर्करोगात) वापरले जाणारे एबीव्हीडी हे मिश्रण अंडाशयाच्या दृष्टीने बरेच सौम्य आहे, तर त्याच आजारातले अधिक तीव्र बीकॉप हे मिश्रण तसे नाही. त्यामुळे शेजारच्या खाटेवरच्या बाईंची पाळी परत आली म्हणून तुमचीही येईल, असे धरू नका. दोघींच्या सलाइनच्या बाटलीत वेगवेगळी औषधे असू शकतात.

वयाचा हिशेबही यातच येतो. पंचविशीत साठा मोठा असल्याने तेवढाच मार बसूनही काही शिल्लक राहते. चाळिशीजवळ तोच मार पाळी कायमची थांबवू शकतो.

किरणोपचारांत जागा महत्त्वाची ठरते. स्त्रीबीजे किरणांना इतकी नाजूक असतात की 2 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) इतक्या अल्प मात्रेनेही त्यांतली निम्म्याहून अधिक नष्ट होतात, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात दिली जाणारी मात्रा याच्या कितीतरी पट असते. त्या किरणांनी गर्भाशयाचे अस्तर आणि स्नायूही कडक होतात, म्हणजे स्त्रीबीजे वाचवली तरी गर्भ वाढायची जागा बाधित राहू शकते. ही बाब अनेकींना फार उशिरा कळते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाआधीची तीव्र केमो किंवा सर्वांगाला दिलेले किरण हा सर्वाधिक धोक्याचा गट समजला जातो.

3. एएमएच आणि सोनोग्राफी करून घ्या

एएमएच ही साधी रक्ततपासणी आहे, ती पाळीच्या कोणत्याही दिवशी करता येते आणि तिच्यावरून अंडाशयातील साठ्याचा अंदाज येतो. सोबत सोनोग्राफीत छोट्या फॉलिकलची, म्हणजे बीज धरून असलेल्या पिशव्यांची, संख्या मोजतात. या दोन्ही गोष्टी केमोच्या आधीच व्हायला हव्यात. केमो चालू असताना किंवा ती संपल्या-संपल्या एएमएच जवळजवळ शून्यावर दिसते, पुढच्या वर्षभरात ती काही प्रमाणात सावरू शकते, आणि मधल्या काळात तो आकडा पाहून अनेक मुली उगाच खचतात.

4. वंध्यत्वतज्ज्ञांकडे जाताना ही फाइल न्या

- बायॉप्सीचा अहवाल, आणि स्तनाचा कर्करोग असल्यास ईआर, पीआर (गाठ हार्मोनला प्रतिसाद देते का, हे सांगणाऱ्या तपासण्या) आणि हर-टू (गाठीवरील एक प्रथिन) यांचे अहवाल
- पेट स्कॅन, सीटी किंवा एमआरआय, जे झाले असेल ते
- नियोजित औषधांची नावे आणि पहिल्या केमोची संभाव्य तारीख लिहिलेली कर्करोगतज्ज्ञांची चिठ्ठी
- अलीकडचा रक्ताचा अहवाल, त्यात हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट असावेत
- एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या. साठवणुकीआधी केंद्र त्या मागतेच
- आधार कार्ड, पॅन कार्ड, छायाचित्रे. भ्रूण (पतीच्या शुक्राणूने फलित केलेले बीज) गोठवायचे असल्यास पतीचीही कागदपत्रे आणि विवाहाचा पुरावा
- बीआरसीए (स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी संबंधित जनुक) किंवा अन्य जनुकीय तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल

शेवटच्या कागदाचे कारण असे की बीआरसीए जनुकातील दोष अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते, आणि पुढे भ्रूणाची जनुकीय तपासणी करण्याचा पर्याय खुला ठेवायचा की नाही, यावर आधीच बोलता येते. केंद्र निवडताना ते 2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, हे विचारा आणि प्रमाणपत्र पाहा. त्याच वेळी आणखी एक प्रश्न विचारा: कर्करोगाच्या रुग्णांसाठी हे काम तुम्ही नेहमी करता का? घाईचे वेळापत्रक सांभाळणे सर्वच केंद्रांना जमत नाही.

5. पर्याय समजून घ्या

*स्त्रीबीजे किंवा भ्रूण गोठवणे.* हा सर्वांत रुळलेला मार्ग आहे. साधारण 10 ते 14 दिवस हार्मोनची इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक बीजे वाढवतात, योनीमार्गे सुईने ती काढतात आणि द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंश सेल्सिअसला साठवतात. पूर्वी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागे. आता पाळीच्या कोणत्याही दिवशी सुरुवात करता येते. "पुढच्या पाळीला या" असे कुणी म्हटले तर केमोची तारीख सांगा आणि लगेच सुरुवात करता येईल का, हे स्पष्ट विचारा.

विवाहितांना भ्रूण गोठवण्याचा सल्ला सहज दिला जातो. माझे मत थोडे वेगळे आहे. भ्रूणावर पती-पत्नी दोघांचा हक्क असतो, आणि कायद्याप्रमाणे गर्भाशयात ठेवण्याआधी दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकते. आजारपणाची वर्षे संसाराचीही परीक्षा घेतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. बीजे पुरेशी मिळाली तर काही भ्रूण आणि काही नुसती स्त्रीबीजे असे वाटून ठेवता येते. निदान तो पर्याय आहे का, हे विचारावे. अविवाहित मुलीला स्वतःची स्त्रीबीजे गोठवता येतात, त्यासाठी लग्नाची अट नाही. मात्र कायद्याने ही सेवा 21 ते 50 या वयातील स्त्रियांसाठी आहे, म्हणून मुलगी त्याहून लहान असेल तर केंद्राची भूमिका पहिल्याच फोनवर विचारून घ्या.

गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी असेल, तर इंजेक्शनांनी वाढणाऱ्या इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची भीती वाटणे स्वाभाविक आहे. त्यासाठी इंजेक्शनांसोबत लेट्रोझोलची गोळी देतात, तिच्यामुळे इस्ट्रोजेनची पातळी खाली राहते. ही गोळी तुमच्या कागदावर लिहिलेली आहे ना, हे पाहा.

*अंडाशयाचा भाग गोठवणे.* दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने अंडाशयाचा तुकडा किंवा पूर्ण अंडाशय काढून गोठवतात आणि बरे झाल्यावर परत बसवतात. अशा पद्धतीने झालेला पहिला जन्म बेल्जियममध्ये 2004 साली नोंदवला गेला, आणि अमेरिकेतील प्रजनन वैद्यक संस्थेने 2019 साली या पद्धतीवरचा "प्रायोगिक" हा शिक्का काढला. वयात न आलेल्या मुलींसाठी हाच मार्ग उरतो, आणि इंजेक्शनांना वेळ नसेल तेव्हाही तो उपयोगी पडतो. रक्तकर्करोगात मात्र त्या तुकड्यातून रोगट पेशी परत शरीरात जाण्याचा धोका असतो. आपल्याकडे ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे.

*अंडाशय बाजूला सरकवणे.* फक्त किरणोपचार होणार असतील तर दुर्बिणीने अंडाशय वर उचलून किरणांच्या कक्षेबाहेर शिवून ठेवता येतात. केमोपासून याने संरक्षण मिळत नाही.

*अंडाशयाला विश्रांती देणारे इंजेक्शन.* गोसेरेलिन किंवा ल्युप्रोलाइड हे इंजेक्शन केमोच्या किमान आठवडाभर आधी सुरू करून दर चार आठवड्यांनी देतात. स्तनाच्या कर्करोगात त्याने पाळी अकाली बंद होण्याचे प्रमाण कमी झाल्याचे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या पोएम्स या अभ्यासात दिसले. सापळा इथे आहे: हे स्वस्त आणि सोपे असल्याने "एवढे घ्या, बाकी काही नको" असे सांगितले जाते. ते गोठवण्याच्या जोडीला घ्यायचे असते, त्याच्या बदली नव्हे.

*अवयव वाचवणारी शस्त्रक्रिया.* गर्भाशयमुखाचा कर्करोग अगदी प्रारंभीचा असेल तर निवडक रुग्णांत फक्त मुख काढून गर्भाशय ठेवता येते. गर्भाशयाच्या अस्तराच्या सौम्य, सुरुवातीच्या कर्करोगात काही काळ प्रोजेस्टेरॉनचे उपचार देऊन मूल होऊ देतात आणि नंतर शस्त्रक्रिया करतात. अंडाशयाच्या काही गाठींत एकच बाजू काढून भागते. गर्भाशय काढायचे ठरले असेल, तर सही करण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञांचे मत जरूर घ्या.

6. इंजेक्शनांच्या दिवसांची आखणी करा

इंजेक्शने रोज ठरलेल्या वेळी पोटाच्या कातडीखाली घ्यायची असतात, आणि ती टोचून घ्यायला रोज केंद्रात जायला लागत नाही. लातूर किंवा सांगलीहून पुण्या-मुंबईला येणाऱ्यांनी सोनोग्राफीच्या दिवसांपुरते केंद्रात यावे आणि बाकी दिवस गावातल्या सिस्टरांकडून टोचून घ्यावे. बरीचशी औषधे 2 ते 8 अंशांत ठेवावी लागतात, म्हणून रुंद तोंडाचा थर्मास आणि बर्फाच्या पिशव्या घ्या. मात्र इंजेक्शनच्या पेनला बर्फ थेट लागू देऊ नका, मध्ये रुमाल गुंडाळा, कारण गोठलेले औषध निकामी होते. एसटीने निघताना हा थर्मास मांडीवरच ठेवलेला बरा.

शेवटचे इंजेक्शन घड्याळ लावून घ्यायचे असते. त्यानंतर साधारण 34 ते 36 तासांनी बीजे काढतात, त्यामुळे रात्री साडेदहाची वेळ दिली असेल तर ती साडेदहाचीच. बीजे काढताना थोडा वेळ भूल देतात आणि बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. त्यानंतर पोट फार फुगणे, धाप लागणे, लघवी कमी होणे किंवा पायात एकाच बाजूला सूज येणे यांपैकी काही झाले, तर "गॅस असेल" म्हणून घरी थांबू नका. पहिली तीन लक्षणे अंडाशय अति उत्तेजित झाल्याची असू शकतात आणि शेवटचे रक्ताची गुठळी झाल्याचे.

या दिवसांत कुणाला काय सांगायचे, हे घरात आधी ठरवून घ्या. मुलगी अविवाहित असेल तर "लग्नाच्या वेळी अडचण येईल" असे म्हणणारी एखादी आत्या किंवा मावशी निघतेच. हा वैद्यकीय तपशील आहे आणि तो कुणाला सांगायचा, हे मुलगी ठरवेल. सोनोग्राफी पोटावरून करण्याची विनंतीही अविवाहित मुलीला करता येते, तशी ती करावी.

7. संमतीपत्र घरी आणून वाचा

त्यात एक रकाना असतो: रुग्णाचा मृत्यू झाल्यास किंवा ती निर्णय घेण्यास असमर्थ ठरल्यास साठवलेल्या बीजांचे काय करायचे. कायद्यानुसार याची लेखी सूचना घेतल्याशिवाय केंद्राला काहीही गोठवता येत नाही. काउंटरवर, मागे रांग उभी असताना, हा रकाना भरू नका. तो भरताना माझ्या आईने पेन खाली ठेवले आणि चहा घेऊ या म्हणाली. आम्ही तो कागद घरी नेला, हे फार बरे झाले.

आणखी तीन गोष्टी पाहा. साठवणुकीची कायदेशीर मर्यादा 10 वर्षांची आहे. चोविसाव्या वर्षी लिम्फोमा झालेल्या मुलीला ती चौतिशीत गाठते, म्हणून ती तारीख लिहून ठेवा. वार्षिक शुल्क थकल्यास केंद्र काय करते, हे लेखी घ्या आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी मोबाइल क्रमांकही त्यांच्याकडे नोंदवा, कारण केमोच्या वर्षात तुमचे लक्ष कशावरच नसते. तिसरे, पुढे परदेशी स्थायिक होण्याची शक्यता असेल तर ध्यानात ठेवा की स्वतःच्या वापरासाठीही बीजे किंवा भ्रूण देशाबाहेर नेण्यास याच कायद्याखालील राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते.

8. खर्चाचा अंदाज लेखी घ्या

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या अनेक उपचारांना मदत मिळते, पण गोठवण्याचा खर्च त्यात धरून चालू नका. खासगी आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसींत वंध्यत्वाचे उपचार वगळलेले असतात. केंद्राकडून इंजेक्शने, बीजे काढणे, भूल, गोठवणे, दरवर्षीची साठवणूक आणि पुढे वापरतानाचा खर्च असे वेगवेगळे आकडे मागा, कारण "पॅकेज" या शब्दात इंजेक्शने धरलेली नसणे ही नेहमीची गोष्ट आहे. कर्करोगाच्या रुग्णांना काही केंद्रे सवलत देतात, पण ती मागावी लागते. रुग्णालयातील समाजसेवा विभागात यासाठी स्वतंत्र अर्ज करून पाहा.

9. उपचार चालू असताना गर्भनिरोधन सोडू नका

पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही, असे नसते. केमो, किरणोपचार किंवा टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगातली हार्मोन रोखणारी गोळी) चालू असताना राहिलेला गर्भ धोक्यात असतो. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत; निरोध किंवा कॉपर-टी यांविषयी डॉक्टरांशी बोला. याच काळात "गर्भाशय शुद्ध करणारी" चूर्णे कुणीतरी आणून देते. त्यांत काय आहे हे कर्करोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय ती घेऊ नयेत.

10. उपचारांनंतर किती थांबायचे

पाळी परत आली तरी साठा पूर्ववत झाला असा अर्थ होत नाही. रजोनिवृत्ती काही वर्षे लवकर येऊ शकते, म्हणून मूल हवे असेल तर फार रेंगाळू नये. उलट, फार घाईही नको. केमो संपल्यावर किमान सहा महिने ते वर्षभर आणि आजार उलटण्याचा धोका अधिक असेल तर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक थांबायला सांगतात. ट्रास्टुझुमॅब या हर-टू गाठींवरच्या औषधानंतर सात महिने आणि टॅमॉक्सिफेननंतर साधारण तीन महिने जाऊ द्यावे लागतात. थायरॉइडच्या कर्करोगात रेडिओआयोडीन दिले असेल तर सहा महिने ते वर्षभर.

टॅमॉक्सिफेनचा उपचार पाच ते दहा वर्षांचा, म्हणजे तिशीतल्या बाईने चाळिशीपर्यंत थांबायचे का, हा प्रश्न फार दिवस अनुत्तरित होता. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पॉझिटिव्ह या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पाचशेहून अधिक स्त्रियांनी 18 ते 30 महिने हार्मोन उपचार घेऊन मग जास्तीत जास्त दोन वर्षे ते थांबवले आणि गर्भधारणेचा प्रयत्न केला; पहिल्या काही वर्षांत त्यांच्यात आजार उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. याचा आधार घेऊन डॉक्टरांशी बोला, स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

गर्भधारणेआधी डॉक्सोरुबिसिन घेतलेल्यांनी किंवा छातीच्या डाव्या बाजूला किरण घेतलेल्यांनी टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावा, कारण गरोदरपणात हृदयावरचा भार वाढतो. ओटीपोटावर किरण झालेल्यांत गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोका अधिक असतो, म्हणून प्रसूती मोठ्या रुग्णालयातच ठरवा.

चाळिशीच्या आत पाळी कायमची गेली असेल, तर मूल नको असले तरी तज्ज्ञांकडे जा. इस्ट्रोजेनच्या अभावी हाडे ठिसूळ होतात आणि हृदयावरही परिणाम होतो.

11. गोठवणे जमले नसेल, किंवा उपयोगी पडले नसेल तर

गोठवलेले प्रत्येक बीज तग धरत नाही, तग धरलेले प्रत्येक फलित होत नाही आणि फलित झालेले प्रत्येक रुजत नाही. म्हणून मिळालेल्या आकड्याला हमी समजू नका. गर्भाशय चांगले असेल तर दात्या स्त्रीचे बीज घेऊन गर्भधारणा होऊ शकते. गर्भाशय नसेल तर 2021 च्या सरोगसी कायद्याच्या चौकटीत, म्हणजे पैशांच्या व्यवहाराशिवाय आणि वैद्यकीय मंडळाच्या प्रमाणपत्रासह, विवाहित जोडप्यांना तो मार्ग आहे. एकट्या स्त्रियांपैकी तो फक्त 35 ते 45 वयाच्या विधवा किंवा घटस्फोटित स्त्रियांना खुला आहे.

दत्तक घेण्यासाठी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी करतात आणि एकटी स्त्रीही ती करू शकते. कर्करोग झाला होता एवढ्यावरून अर्ज बाद होत नाही, पण जिवाला धोका असलेला आजार नसावा अशी अट आहे आणि गृहभेटीच्या वेळी प्रकृतीविषयी विचारतात. तेव्हा अर्ज भरण्याआधी कर्करोगतज्ज्ञांकडून ताज्या तपासण्यांवर आधारलेले, सध्याची प्रकृती स्पष्ट सांगणारे पत्र घेऊन ठेवा.